शेडच्या संगणकाची फाइल आपण स्वतः उघडू या

धिंगरी अळिंबीच्या शेडविषयी आपल्या रेडिओवर बोलणं झालं, त्यानंतर बऱ्याच गटांतून एकच प्रश्न आला. अळिंबी कळली, पिशव्या भरणं कळलं, पण शेडच्या भिंतीवर तो जो छोटा डबा लावलेला असतो आणि जो फॉगर आपोआप चालू-बंद करतो, त्याच्या आत काय असतं? आणि त्यातला आकडा बदलायचा असेल तर दर वेळी शहरातून माणूस बोलवायचा का? आज त्याच डब्याबद्दल सांगते. थोडं सावकाश ऐका, आणि ज्यांच्या घरी बारावीला किंवा कॉलेजात जाणारी मुलगी असेल त्यांनी तिलाही जवळ बसवा.

आधी डबा. तो एक संगणकच आहे. आपल्या आधार कार्डाएवढ्या पट्टीवर बसणारा. याला रास्पबेरी पाय म्हणतात. तो ब्रिटनमधला, २०१२ साली पहिल्यांदा विक्रीला आला, आणि मुलांना संगणक शिकता यावा म्हणून मुद्दाम स्वस्त बनवलेला. त्यात मोबाइलसारखंच मेमरी कार्ड असतं. त्या कार्डावर होम असिस्टंट नावाचं सॉफ्टवेअर बसवतात. पाउलस स्काउटसेन नावाच्या माणसाने २०१३ मध्ये ते लिहायला घेतलं आणि पुढे जगभरातल्या हजारो लोकांनी त्यात भर घातली. ते फुकट आहे. हे नीट ऐका, कारण पुष्कळ ठिकाणी कोटेशनमध्ये त्याची ‘वार्षिक फी’ लावलेली मी पाहिली आहे. बसवण्याची मजुरी घ्यावी, वस्तूंचे पैसे घ्यावेत, पण या सॉफ्टवेअरला परवान्याचा खर्च नाही.

परदेशात लोक यावर घरातले दिवे आणि पडदे चालवतात. आपल्याकडे त्याचा खरा उपयोग शेडमध्ये. सेन्सर हवेतली आर्द्रता मोजतो, वायफायवरून डब्याला सांगतो, डबा ठरवतो की फॉगर चालवायचा की थांबवायचा. फॉगर कधी चालवायचा हे मात्र डब्याला कुणीतरी सांगून ठेवावं लागतं. ते जिथे लिहून ठेवलेलं असतं, ती ही फाइल. फाइल म्हटलं की आपल्याला तलाठ्याच्या टेबलावरची लाल दोरीची फाइल आठवते. ही तशी नाही. ही साध्या अक्षरांत लिहिलेली चिठ्ठी आहे, सासूबाई बाहेरगावी जाताना सुनेला लिहून ठेवतात तशी. दूध इतक्या वाजता तापव, गाईला इतकी पेंड घाल. तिचं नाव ‘कॉन्फिगरेशन डॉट यामल’.

आता ही चिठ्ठी वाचता येण्याची गरज का पडते, ते आमच्या शेडचंच उदाहरण घेऊन सांगते. आमच्या गटाची यंत्रणा दिवाळीनंतर बसली. थंडीत सगळं छान चाललं. फाल्गुन सरला, वारा कोरडा झाला, आणि पिशव्यांवर टाचणीच्या डोक्याएवढे कोंब दिसायला लागले की दुसऱ्या दिवशी ते पिवळे पडून सुकायचे. धिंगरीला कोंब धरताना ८० ते ८५ टक्के आर्द्रता लागते, हे तुम्हाला माहीत आहे. मोबाइलवर आम्ही ती चकती फिरवून वाढवायला बघायचो, तर ती ८० च्या पुढे जायचीच नाही. आणि ८० वर ठेवली तरी शेडमध्ये ७० होईपर्यंत फॉगर गप्प. बसवणाऱ्याला फोन केला. तीन दिवस उचलला नाही, चौथ्या दिवशी म्हणाला, येण्याचा खर्च वेगळा पडेल. पासवर्ड मागितला तर ‘ताई, तुम्ही त्यात हात घालू नका, बिघडेल’. दोन रॅक गेले. आमच्या गटातल्या मावशी रोज पहाटे उठून गोणपाटं भिजवत होत्या, म्हणून बाकीचे वाचले.

नंतर कळलं, बिघाड काहीच नव्हता. त्या चिठ्ठीत फक्त दोन ओळी हिवाळ्याच्या हिशेबाने लिहिलेल्या होत्या. दोन आकडे.

फाइलपर्यंत जायचा रस्ता असा. शेडच्या वायफायला जोडलेला लॅपटॉप घ्या. गूगल उघडतो तसा ब्राउझर उघडा आणि वर पत्त्याच्या जागी इंग्रजीत ‘होमअसिस्टंट डॉट लोकल’, मग विसर्गासारखी दोन टिंबं, मग ८१२३ असं लिहा. मध्ये कुठेही जागा सोडायची नाही. हे ८१२३ म्हणजे दाराचा नंबर समजा. वाडा एकच, पण कुठल्या दाराने आत जायचं ते हा आकडा सांगतो. कधी कधी या नावाने पान उघडत नाही, तेव्हा नावाऐवजी डब्याचा आकड्यांतला पत्ता लिहावा लागतो. तो राउटरमध्ये सापडतो आणि बहुतेक ठिकाणी १९२ डॉट १६८ ने सुरू होतो. तो एकदा शोधून डब्यावरच मार्करने लिहून ठेवा.

पान उघडलं की नाव आणि पासवर्ड विचारेल. इथेच पुष्कळ गट अडकतात. यात माणसांचे प्रकार आहेत. यंत्रणा बसवताना जे पहिलं खातं काढतात ते मालकाचं. त्यानंतर ज्यांना प्रशासक केलं ते. आणि मग नुसते वापरणारे, ज्यांना चकती फिरवता येते पण सेटिंग्ज उघडत नाही. आम्हाला दिलेलं खातं तसलं होतं. शेड गटाची, कर्ज गटाच्या नावावर, हप्ता आम्ही भरतो, आणि मालक म्हणून नाव भलत्याचंच! रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून शेजाऱ्याचं नाव असावं तसं झालं हे. तुमच्या शेडमध्ये आज संध्याकाळीच बघा: डाव्या बाजूला ‘सेटिंग्ज’ उघडून त्यात सगळे पर्याय दिसतात का. दिसत नसतील तर तुम्ही प्रशासक नाही. बसवणारा पासवर्ड देत नसेल तर घाबरू नका. डब्याला टीव्ही आणि कीबोर्ड जोडला की पासवर्ड तिथूनच नव्याने ठरवता येतो, कारण डबा हातात असणारा माणूस मोठा. जवळपासच्या पॉलिटेक्निकमधला एखादा विद्यार्थी हे करून देईल.

आत गेल्यावर फाइल उघडायला एक साधन लागतं. सेटिंग्जमध्ये ‘ॲड-ऑन’ नावाचा भाग असतो, आवृत्तीप्रमाणे नाव थोडं वेगळं दिसेल. तिथल्या दुकानात ‘फाइल एडिटर’ शोधा, इन्स्टॉल करा, स्टार्ट करा, आणि ‘साइडबारमध्ये दाखवा’ हे बटण चालू करा. पैसे पडत नाहीत. मग डाव्या पट्टीत त्याचं चिन्ह येतं. ते उघडून वरच्या फोल्डरच्या चिन्हावर टिचकी मारली की फाइलींची यादी दिसते. सांबा आणि टर्मिनल असे दुसरे रस्तेही आहेत. सांबाने डब्यातलं कपाट लॅपटॉपमध्ये फोल्डरसारखं दिसतं, टर्मिनलमध्ये काळ्या पडद्यावर टाइप करावं लागतं. आपल्या कामाला फाइल एडिटर पुरे. कुणाकडे हा दुकानाचा भागच दिसत नसेल, तर त्यांचं होम असिस्टंट वेगळ्या पद्धतीने, एखाद्या मोठ्या संगणकात कंटेनर करून बसवलेलं असतं. त्यांनी बसवणाऱ्यालाच विचारावं.

यादीत चार-पाच नावं दिसतील. कॉन्फिगरेशन ही मुख्य. ऑटोमेशन्स म्हणजे ‘असं झालं तर तसं कर’ या सूचना. स्क्रिप्ट्स आणि सीन्स आपण सध्या सोडून देऊ. सीक्रेट्स या फाइलीत पासवर्ड ठेवतात, तिच्याबद्दल पुढे सांगते. टिंबाने सुरू होणारं ‘स्टोरेज’ नावाचं एक लपवलेलं फोल्डरही असतं. त्यात डबा स्वतःच्या नोंदी स्वतः ठेवतो. तिकडे हाताने काही लिहायचं नाही.

आता लिहिण्याची पद्धत. यामलमध्ये सगळा खेळ ओळ किती आत सरकली आहे याचा. रेशनकार्ड डोळ्यांपुढे आणा. कुटुंबप्रमुखाचं नाव डावीकडे कडेला, त्याच्या घरातली माणसं थोडी आत. आपल्या भाषेत लिहिलं तर असं दिसेल:

शेड:
  पिशव्या: ३००
  पाणी:
    सकाळी: २
    दुपारी: ३

‘शेड’ कडेला आहे. ‘पिशव्या’ आणि ‘पाणी’ दोन जागा सोडून आत, म्हणून ती शेडची. ‘सकाळी’ आणि ‘दुपारी’ आणखी दोन जागा आत, म्हणून ती पाण्याची. ‘दुपारी’ची ओळ चुकून एक जागा बाहेर आली, तर डब्याला कळत नाही ती कुणाची लेक. तो पुढचं वाचायचंच सोडून देतो. दोन टिंबांनंतर एक जागा सोडलीच पाहिजे. यादी असेल तर ओळीच्या सुरुवातीला आडवी रेघ आणि एक जागा. आणि जागा सोडायला स्पेसचंच बटण वापरायचं, टॅबचं नाही. टॅबने दिसायला सारखंच दिसतं, पण डब्याला ते चालत नाही. काही ओळींच्या सुरुवातीला पाळण्यासारखं चिन्ह दिसेल, दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघांचं. ती ओळ डबा वाचत नाही, ती माणसांसाठी असते. आम्ही बदल केला की त्या चिन्हापुढे तारीख आणि बदल करणारीचं नाव लिहितो, ठरावाच्या वहीत लिहितो तसंच.

मोबाइलवरून फाइल बदलू नका, असं मी सगळ्यांना सांगते, आणि त्याचं कारण अगदी क्षुल्लक आहे. मोबाइलच्या कीबोर्डवर स्पेस दोनदा दाबली की तो आपणहून पूर्णविराम टाकतो. आपल्याला तर दोन जागाच सोडायच्या असतात! शिवाय पहिलं अक्षर तो मोठं करतो, आणि या फाइलीत लहान-मोठ्या अक्षरांचा फरक पडतो. लॅपटॉप नसेल तर निदान कीबोर्डच्या सेटिंगमधून या दोन्ही सवयी बंद करा. आकडे इंग्रजीच टाका.

आमच्या फाइलीत फॉगरचा भाग ‘जेनेरिक हायग्रोस्टॅट’ या नावाखाली होता. हायग्रोस्टॅट म्हणजे आर्द्रता सांभाळणारा. त्याच्या पोटात फॉगरच्या स्विचचं नाव, सेन्सरचं नाव, आणि मग आकडे. ‘मॅक्स ह्युमिडिटी’ म्हणजे चकती जास्तीत जास्त किती फिरेल. तिथे ८० होतं, म्हणून आमची चकती अडायची. ‘ड्राय टॉलरन्स’ म्हणजे आपण ठरवलेल्या आकड्यापेक्षा किती खाली गेल्यावर फॉगर सुरू करायचा. तिथे १० होतं. ८० मधून १० गेले ७०. म्हणून ७० होईपर्यंत तो हलायचा नाही. थंडीत हवा मुळातच ओली असताना हे खपून गेलं. आम्ही मॅक्स ९० केलं आणि ड्राय टॉलरन्स ३. मग चकती ८५ वर ठेवली, म्हणजे ८२ ला फॉगर सुरू. ‘वेट टॉलरन्स’ त्याच्या उलट, ठरवलेल्या आकड्याच्या किती वर गेल्यावर थांबायचं. तेही ३, म्हणजे ८८ ला बंद. टॉलरन्स अगदी शून्यावर आणू नका, फॉगरची मोटर दर मिनिटाला चालू-बंद होऊन जळेल. त्यासाठीच ‘मिन सायकल ड्युरेशन’ ही ओळ असते: एकदा चालू किंवा बंद झाला की निदान इतका वेळ तसाच राहा. आम्ही पाच मिनिटं ठेवली आहेत.

आणखी एक ओळ आमच्याकडे नव्हती, ती आम्ही घातली. ‘सेन्सर स्टेल ड्युरेशन’. समजा सेन्सरची बॅटरी संपली आणि तो ७५ वर अडकून बसला. डब्याला वाटेल शेड कोरडीच आहे, आणि फॉगर रात्रभर चालेल. पिशव्या सडतील, हिरवी बुरशी येईल. ही ओळ असली की ठराविक वेळ सेन्सरकडून नवी खबर आली नाही तर डबा फॉगर बंद करतो. एवढी कामाची ओळ बसवणारे का घालत नाहीत, मला कळत नाही.

ऑटोमेशनच्या फाइलीत एक खोड ध्यानात ठेवा. इंग्रजी ‘ऑन’ आणि ‘ऑफ’ हे शब्द अवतरणचिन्हात लिहायचे. उघडे लिहिले तर यामल त्यांचा अर्थ ‘खरं’ आणि ‘खोटं’ असा लावतो, मग स्विचची स्थिती जुळत नाही आणि सूचना चालतच नाही. वेळेचंही तसंच. पहाटे साडेपाच किंवा रात्री साडेनऊ, सगळ्या वेळा अवतरणचिन्हात. नाहीतर काही वेळांचा तो गुणाकार करून भलताच आकडा काढतो.

बदल केला, वर सेव्हचं चिन्ह दाबलं. अजून काम झालेलं नाही. ‘डेव्हलपर टूल्स’मध्ये यामलचा भाग आहे, तिथे ‘चेक कॉन्फिगरेशन’ दाबा. चूक असेल तर कितव्या ओळीच्या आसपास आहे ते तो सांगतो. खरी चूक पुष्कळदा त्याच्या वरच्या ओळीत असते, म्हणून वरचीही बघा. सगळं बरोबर असलं तरच रीस्टार्ट.

ही तपासणी टाळू नका, कारण यात आपल्या गावाकडचा एक धोका आहे. फाइल चुकीची सेव्ह झाली तरी डबा लगेच थांबत नाही. तो जुनीच सूचना डोक्यात धरून काम करत राहतो, आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. मग रात्री लाइट जाते. लाइट आली की डबा नव्याने सुरू होतो, फाइल वाचायला घेतो, ती वाचता येत नाही, आणि तो ‘रिकव्हरी मोड’मध्ये उघडतो. त्यात पान दिसतं, फाइल दुरुस्त करता येते, पण फॉगर सांभाळला जात नाही. उन्हाळ्यात सकाळी दहापर्यंत कुणी शेडकडे गेलं नाही तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून सेव्ह आणि चेक ही एकाच बैठकीतली कामं. डबा आणि राउटर छोट्या इन्व्हर्टरवर घ्या, त्यांना वीज फारच थोडी लागते. आणि डबा बंद करायचा झाला तर आधी पडद्यावरून शटडाउन करा, वायर उपटू नका, मेमरी कार्ड खराब होतं.

फाइलीला हात लावण्याआधी बॅकअप. सेटिंग्ज, सिस्टिम, बॅकअप्स, आणि ‘आत्ता बॅकअप घ्या’. तो लॅपटॉपवर उतरवून घ्या, कारण डब्यातल्या कार्डावरच ठेवला आणि कार्डच गेलं तर दोन्ही गेलं. २०२५ पासूनच्या आवृत्त्यांत आपोआप होणाऱ्या बॅकअपला कुलूप असतं. त्याची किल्ली, म्हणजे एक लांबलचक अक्षरमाळ, ‘इमर्जन्सी किट’ नावाच्या कागदात मिळते. ती छापून गटाच्या पेटीत ठेवा. किल्ली हरवली तर बॅकअप असून नसल्यासारखा.

आता सीक्रेट्सची गोष्ट. अडलं की आपण काय करतो? फाइलीचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर कुणाला तरी पाठवतो. त्या फोटोत पासवर्ड असला तर तो सगळ्या ग्रुपात फिरतो. म्हणून पासवर्ड मुख्य फाइलीत लिहायचा नाही. तो सीक्रेट्सच्या फाइलीत एका नावाखाली ठेवायचा, आणि मुख्य फाइलीत उद्गारचिन्ह, ‘सीक्रेट’ हा शब्द आणि ते नाव एवढंच लिहायचं. डबा तिकडून उचलून घेतो. मग मुख्य फाइलीचा फोटो बिनधास्त पाठवा. घराबाहेरून मोबाइलवर शेड दिसावी म्हणून कुणी राउटरमध्ये ते ८१२३ चं दार सरळ इंटरनेटला उघडून देत असेल, तर नको म्हणा.

एक प्रश्न मावशींनी विचारला होता: फाइलीला हात लावताना शॉक बसतो का? हसू नका, बरोबर प्रश्न आहे. फाइलीने शॉक बसत नाही. पण स्विच आणि मोटरची वायरिंग पाण्याच्या शेडमध्ये आहे, तिथे वायरमनशिवाय कुणी हात घालायचा नाही. फॉगरचा पंप मोठा असेल तर तो छोट्या स्मार्ट प्लगवर थेट चालवू नये, मध्ये कॉन्टॅक्टर लागतो.

नव्या आवृत्त्यांत पुष्कळशा गोष्टी फाइल न उघडता पडद्यावरूनच करता येतात, आणि हे वाढतच चाललं आहे. तशी सोय असेल तर तीच वापरा. पण जुन्या बसवलेल्या शेडमध्ये आकडे फाइलीतच असतात, आणि पडद्यावर ते दिसतही नाहीत.

ज्या गटांची यंत्रणा अजून बसायची आहे, त्यांनी शेवटचा हप्ता देण्याआधी बसवणाऱ्याकडून एवढं घ्या: मालकाच्या खात्याचं नाव आणि पासवर्ड, अध्यक्ष आणि सचिव दोघींची प्रशासक खाती, डब्याचा आकड्यांतला पत्ता, वायफायचा पासवर्ड, बॅकअपची किल्ली, आणि कॉन्फिगरेशनच्या फाइलीची छापील प्रत. ही प्रत गटाच्या बैठकीत त्याच्याकडून ओळ न ओळ वाचून घ्या आणि प्रत्येक आकड्यापुढे मराठीत अर्थ लिहा. आमच्या भागातल्या एका गटाने हे ठरावातच घातलं. त्यांच्या बसवणाऱ्याने आधी कुरकुर केली, मग दोन तास बसून सगळं सांगितलं, आणि सांगता सांगता त्यालाच फाइलीत सेन्सरचं नाव चुकलेलं सापडलं.